कुठला फासा, कुठला गेम? टेबलटॉप आरपीजीतल्या डाईस सिस्टिम्सबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

डी२०, ३डी६, ४डीएफ हे काय प्रकरण आहे?

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन खेळायचा गोष्टीचा गेम, एक जण जीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकी प्लेअर्स, आणि एखादं काम जमलं की नाही हे फासे ठरवतात. डीच्या आधीचा आकडा म्हणजे फासे किती, नंतरचा आकडा म्हणजे एका फाशाला बाजू किती. ३डी६ म्हणजे लुडोतल्यासारखे सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज करायची. डी२० म्हणजे वीस बाजूंचा एकच फासा. डी१०० म्हटलं की लोकांना शंभर बाजूंचा गोळा आठवतो, तो खरंच मिळतो, लू झोकी या गेम डिझायनरने १९८५ मध्ये काढला, पण टाकल्यावर तो थांबायचं नाव घेत नाही त्यामुळे कुणी सिरीयसली वापरत नाही. दोन डी१० घ्यायचे, एक दशकाचा, एक एककाचा, दोन्हीवर शून्य आलं तर शंभर, संपलं. डीएफ म्हणजे फज डाईस, त्याच्यावर आकडेच नसतात, दोन बाजू प्लस, दोन मायनस, दोन कोऱ्या.

शेवटी सगळं टक्केवारीवरच येतं ना? मग सिस्टिम कुठली का असेना, काय फरक पडतो?

अर्धं बरोबर आहे. "दार तुटलं की नाही" एवढाच प्रश्न असेल तर ६५ टक्के म्हणजे ६५ टक्के, ते डी२० वर ८ किंवा जास्त आणून मिळवा नाहीतर डी१०० वर ६५ च्या आत आणून मिळवा. दाराला काय फरक पडतो.

फरक पडतो तो तीन ठिकाणी. एक, बोनस (फाशात मिळवायचा कॅरेक्टरचा आकडा) वाढला की टक्के किती हलतात. दोन, हो आणि नाही याच्या मधलं काही निघतं का, म्हणजे "तुटलं पण आवाज झाला आणि पहारेकरी जागा झाला" असलं. आणि तीन, टेबलावर वेळ किती जातो आणि हातात काय येतं, याला लोक क्षुल्लक समजतात पण रात्री अकरा वाजता अठरा फाशांमधले ५ आणि ६ आलेले शोधत बसलेल्या माणसाला विचारा. नवीन सिस्टिम घ्यायच्या आधी हे तीन बघा, बाकी वाद नुसता टाइमपास आहे (मी पण करतो, ते सोडा).

डी२० "स्विंगी" आहे असं सगळे म्हणतात. म्हणजे काय नक्की?

डी२० वर प्रत्येक आकडा यायची शक्यता सारखीच, ५ टक्के. १ येणं आणि १० येणं याच्यात काही फरक नाही. त्यामुळे तुमच्या कॅरेक्टरच्या अंगात काय आहे यापेक्षा फासा काय म्हणतो याचं वजन जास्त होतं.

उदाहरण घ्या. बार्बेरियन (आडदांड लढवय्या) आणि विझर्ड (जादूगार) यांची पंजा लढवायची मॅच लागली. बार्बेरियनला +३, विझर्डला -१, म्हणजे फरक ४ चा. दोघांनी डी२० टाकला तर विझर्ड सरळ सरळ ३० टक्के वेळा जिंकतो. तीसात! पुस्तकं वाचून वाचून पाठ वाकलेला माणूस दर तीन-साडेतीन मॅचमध्ये एकदा त्या बैलाला आडवा करतो. हेच दोघांनी ३डी६ टाकले तर विझर्डचा चान्स साडेचौदा टक्क्यांच्या आसपास येतो.

आता हे बघून लोक लगेच म्हणतात बघा, बेल कर्व्ह (मधले आकडे जास्त, कडेचे कमी) किती रिअलिस्टिक. थांबा, पुढचा प्रश्न वाचा.

मग बेल कर्व्हवाली सिस्टिम चांगली ना? गर्प्स वगैरे?

हा इंटरनेटवरचा सगळ्यात जुना गैरसमज आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

३डी६ आणि डी२०, दोघांची सरासरी १०.५ च आहे. पण ३डी६ मध्ये ९ ते १२ यातलं काहीतरी ४८ टक्के वेळा येतं, डी२० वर तेच चार आकडे मिळून फक्त २० टक्के. १८ यायला २१६ मध्ये एकच चान्स, अर्धा टक्का पण नाही. म्हणजे मधे गर्दी, कडेला शुकशुकाट. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पण रोल पास की फेल एवढंच बघायचं असेल तर आकडा मधे आला का कडेला याला अर्थच राहत नाही. कर्व्ह जो काम करतो तो बोनसवर. ३डी६ चा पसारा डी२० च्या साधारण निम्मा आहे, म्हणून तोच +४ तिथे दुप्पट जोरात लागतो. वरच्या पंजाच्या मॅचमध्ये डी२० च ठेवून फरक ४ ऐवजी ८ केला तर विझर्ड साडेसोळा टक्क्यांवर येतो, म्हणजे ३डी६ च्या जवळपासच. तुम्हाला कर्व्ह नको होता, मोठे बोनस हवे होते.

गर्प्समध्ये (१९८६, स्टीव्ह जॅक्सनचा) ३डी६ टाकून स्किलच्या आत आणायचं असतं. स्किल १० असेल तर बरोबर ५० टक्के. ११ केलं की साडेबासष्ट, १२ ला ७४, १४ ला जवळजवळ ९१. आणि १५ वरून १६ केलं तर ९५ वरून ९८. म्हणजे पहिले पॉइंट्स सोन्यासारखे आणि नंतरचे जवळजवळ वाया, फक्त एवढंच की जीएमने अंधार, पाऊस, घाई असले मायनस लावले की ते नंतरचे पॉइंट्स उपयोगी पडतात. हे गर्प्सचं खरं वैशिष्ट्य. डी२० वर +१ म्हणजे जवळजवळ नेहमी पाच टक्के, तुम्ही नवशिके असा नाहीतर उस्ताद.

आणि हो, किती फरकाने पास झालात हे जिथे मोजतात तिथे मात्र कर्व्हला पूर्ण किंमत आहे.

ॲडव्हान्टेज म्हणजे +५ च ना?

मधे हो, कडेला नाही. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाचव्या एडिशनने (२०१४) हे आणलं, दोन डी२० टाका, मोठा घ्या. ११ पाहिजे असेल तर ५० चे ७५ टक्के होतात, म्हणजे +५ इतकंच. पण १८ पाहिजे असेल तर १५ वरून २७.७५, म्हणजे जेमतेम अडीच पॉइंट. ५ पाहिजे असेल तर ८० वरून ९६. नॅचरल २० (बोनस न धरता फाशावरच २०) यायचा चान्स ५ वरून पावणेदहा टक्के होतो आणि १ यायचा चान्स चारशेत एक.

माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा सगळ्यात हुशार रूल आहे आणि त्याचं कारण गणित नाहीये. तिसऱ्या एडिशनला (२०००) +१ उंचावर आहे म्हणून, +२ फ्लँकिंग, -४ पडलेला आहे म्हणून, +१ ब्लेस, असा किराणा दुकानातला हिशोब दर वाराला चालायचा. इथे एक फासा जास्त उचलला की झालं, आणि ॲडव्हान्टेज कितीही ठिकाणाहून आला तरी एकदाच लागतो, एक जरी डिसॲडव्हान्टेज (उलटं, दोनातला लहान घ्यायचा) आला की दोन्ही कटाप. शेवटचं ते बऱ्याच लोकांना पटत नाही, तीन कारणांनी फायदा आणि एका कारणाने तोटा असला तरी सरळ रोल कसा, पण टेबलावरचे दहा मिनिटांचे वाद वाचतात.

नॅट ट्वेंटी आला म्हणजे काहीही होतं?

नाही. २०१४ च्या रूल्सप्रमाणे आपोआप यश फक्त अटॅक रोलला (आणि डेथ सेव्हला, म्हणजे मरता मरता वाचायच्या रोलला, वेगळा फायदा). स्किल चेकवर २० आला म्हणून राजा तुम्हाला राज्य देऊन टाकत नाही. बरेच डीएम (डी अँड डीतला जीएम) घरचा रूल म्हणून देतात, दिला तर दिला.

डी१०० कुणासाठी बरं?

ज्यांना एका नजरेत कळायला पाहिजे त्यांच्यासाठी. कॅरेक्टर शीटवर "लायब्ररी यूज ६०" लिहिलंय म्हणजे ६० टक्के, नवीन माणसाला समजावायला एक वाक्य पुरतं. रूनक्वेस्टने (१९७८) ही पद्धत रुजवली आणि कॉल ऑफ कथुलूने (१९८१, सँडी पीटरसन) घरोघरी पोचवली.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट स्किल वाढायची पद्धत. सेशनमध्ये एखादं स्किल यशस्वीपणे वापरलं की त्याच्यापुढे टिक करायची. ॲडव्हेंचर संपलं की प्रत्येक टिकवर डी१०० टाकायचा, आणि यावेळी स्किलच्या *वर* आलं पाहिजे, तर ते डी१० ने वाढतं. म्हणजे ३० असेल तर वाढायचा चान्स ७० टक्के, ८० असेल तर २०. येत नाही तो पटापट शिकतो, येतं तो हळूहळू, आणि त्यासाठी एक सुद्धा एक्स्ट्रा तक्ता लागत नाही, तोच फासा उलटा वापरला की झालं.

वाईट बाजू अशी की सुरुवातीच्या कॅरेक्टर्सची बरीच स्किल्स २५-४० च्या घरात असतात, त्यामुळे डॉक्टर, प्रोफेसर, डिटेक्टिव्ह सगळे मिळून पूर्ण संध्याकाळ माती खातात. सातव्या एडिशनने पुश रोल देऊन त्याला जरा सावरलं, म्हणजे परत टाका पण यावेळी फेल गेलात तर जीएम सोडणार नाही. अजून एक, महत्त्वाचा पुरावा रोलच्या मागे लपवायचा नाही. सगळे फेल गेले की गोष्टच अडकते. यासाठी रॉबिन लॉजने गमशू सिस्टिममध्ये सरळ ठरवून टाकलं की योग्य स्किल असलेला माणूस योग्य जागी बघत असेल तर पुरावा मिळणारच, फासा नको. हा नियम कुठल्याही सिस्टिममध्ये उचलून आणा, काही बिघडत नाही.

डाईस पूल म्हणजे मूठभर फासे टाकणं, मजा सोडून त्याचा फायदा काय?

मजा हाच मोठा फायदा आहे, हसू नका. कॅरेक्टर तगडं झालं की हातात फासे जास्त येतात, ते जाणवतं.

शॅडोरनमध्ये (चौथ्या एडिशनपासून) डी६ टाकायचे, ५ किंवा ६ आला की एक हिट. एका फाशाचा चान्स एक तृतीयांश, त्यामुळे बारा फासे म्हणजे सरासरी चार हिट, तोंडी हिशोब होतो. वेळ नको जायला म्हणून चार फाशांमागे एक हिट न टाकता घ्यायची सोय पण आहे, जीएमने ती जास्त वापरावी ही विनंती.

जुन्या व्हॅम्पायरची (१९९१) गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. तिथे डी१० चे पूल, प्रत्येक फाशावर ठरलेला आकडा गाठला की सक्सेस, पण १ आला की तो एक सक्सेस खातो, आणि १ जास्त झाले की बॉच, म्हणजे साधं फेल नाही, सत्यानाश. आता अवघडातलं अवघड काम धरा, १० च लागतो. एक फासा असेल तर बॉचचा चान्स १० टक्के. दोन फासे झाले की? दोन्ही १ आले तर एक टक्का, आणि एक १ व दुसरा ना १ ना १० असं सोळा टक्के, एकूण सतरा. म्हणजे तुम्ही जास्त शिकलात म्हणून सत्यानाश व्हायचा चान्स वाढला! यशाचा पण तेवढाच वाढतो हे खरं, पण तरबेज माणूस नवशिक्यापेक्षा जास्त वेळा स्वतःच्या पायावर गोळी मारतो हे कुणालाच पटलं नाही आणि पुढच्या एडिशन्सना ते सुधारावं लागलं. २०१८ च्या पाचव्या एडिशनमध्ये ६ किंवा वर सक्सेस, आणि भूक लागली की पूलमधले काही फासे लाल होतात, त्या लालवाल्यांनी घोळ घातला की आतलं जनावर बाहेर येतं. नियम आणि गोष्ट एकाच फाशात, हे भारी जमलंय.

"जमलं पण…" असं उत्तर देणाऱ्या सिस्टिम्स कुठल्या?

अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर) आणि त्याच्यावरून निघालेला सगळा गोतावळा. २डी६ अधिक स्टॅट (कॅरेक्टरच्या गुणाचा आकडा). १० किंवा वर आलं तर मस्त, ७ ते ९ आलं तर जमलं पण किंमत मोजा, ६ किंवा खाली आलं तर जीएमची पाळी. स्टॅट शून्य असेल तर फेल ४२ टक्के, अर्धवट ४२, पूर्ण यश १७ (राउंड केलंय म्हणून बेरीज १०१ होते, मेसेज करू नका). स्टॅट +१ झाला तर २८, ४४, २८. +२ झाला तर १७, ४२, ४२. बघा, मधला भाग जवळजवळ हलतच नाही, स्टॅट ० असो की +२, दहातले चार रोल "पण" घेऊन येतात. गेम मुद्दाम तसा बांधलाय. जीएम टाकतच नाही, सगळे फासे प्लेअर्सचे.

ब्लेड्स इन द डार्कमध्ये (२०१७, जॉन हार्पर) डी६ चा पूल, पण बेरीज नाही, सगळ्यात मोठा एक बघायचा. ६ म्हणजे यश, ४-५ म्हणजे किंमत, ३ च्या आत म्हणजे गेलं. एका फाशाला निम्मा चान्स फेल, दोनला पाव, तीनला अष्टमांश. आणि स्किल शून्य असेल तर दोन टाकून लहान घ्यायचा, ७५ टक्के फेल. मोजायला इतकं सोपं काहीच नाही.

एक इशारा, या दोन्हीत जीएमला दर दोन मिनिटांनी काहीतरी नवीन भानगड सुचावी लागते. ज्याला सुचत नाही त्याच्या टेबलावर तिसऱ्या रोलपासून "तुझी तलवार पडली", "तुझी तलवार परत पडली" सुरू होतं.

सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये डी४ हा डी६ पेक्षा भारी आहे हे खरं का?

एका आकड्यापुरतं, खरं. तिथे फाशाचा सगळ्यात मोठा आकडा आला की परत टाकून बेरीज करायची. ६ पाहिजे असेल तर डी६ ला सरळ सहातला एक, १६.६७ टक्के. डी४ ला आधी ४ (पाव चान्स) आणि मग २ किंवा जास्त (पाऊण चान्स), म्हणजे १८.७५. दोन टक्क्यांचा फरक, आणि नेहमी ४ च लागतो, ६ क्वचित, त्यामुळे यावर कॅरेक्टर बांधायला जाऊ नका. मुख्य कॅरेक्टर्सना सोबत एक वाइल्ड डाय पण मिळतो, एक्स्ट्रा डी६, दोन्हीतला चांगला घ्यायचा, म्हणून डी८ वाल्याचा ४ गाठायचा चान्स साडेबासष्टवरून ८१ वर जातो. हिरो लोक हिरोसारखे वाटतात ते यामुळे.

फेटचे प्लस-मायनसवाले फासे?

फेट या गेममध्ये डीएफ चार टाकायचे, बेरीज -४ ते +४. ६३ टक्के वेळा -१, ० किंवा +१ च येतं, म्हणजे तुम्ही जेवढे आहात तेवढेच राहता. ज्याला फाशाचा थरार हवाय त्याला अळणी लागेल. खास फासे नसतील तर साधे डी६ चालतात, १-२ मायनस, ३-४ कोरं, ५-६ प्लस.

आमच्या पार्टीत सगळ्यांचं स्टेल्थ (लपतछपत जायचं स्किल) बरं आहे तरी दरवेळी पकडले जातो. डीएम चीटिंग करतो का?

नाही, गुणाकार करतो. चौघांचा चान्स ७० टक्के आणि चौघांनी पास व्हायलाच पाहिजे असेल तर २४ टक्के. पाच जण झाले की १७. ही अडचण डी२० ची नाही, फासा कुठलाही घ्या. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये ग्रुप चेक आहे, निम्मे पास झाले की सगळे पास, मग तेच चौघे जवळजवळ ९२ टक्क्यांवर जातात. चोवीस आणि ब्याण्णव, फासे तेच, स्किल तेच. डीएमला हा पॅरा दाखवा.

माझे फासे खोटे आहेत का? सारखा १ येतो.

बहुतेक नाही. दहा-वीस रोलवरून काहीच कळत नाही, आणि तीनदा १ आला म्हणून आता २० येईल असंही नाही, फाशाला मागचं आठवत नाही. तरी संशय असेल तर ग्लासात खारं पाणी करा, फासा तरंगेपर्यंत मीठ घाला आणि टिचकी मारून फिरवत राहा, सारखी तीच बाजू वर येत असेल तर आत पोकळी असू शकते. धातूचे फासे असले तर हे जमणार नाही. शकुनीचे फासे घेऊन येणारा प्लेअर ओळखायची सोपी खूण म्हणजे तो फासा टाकून लगेच उचलतो. टेबलाच्या मधे एक ताट ठेवा, सगळ्यांनी त्यातच टाकायचे.

डी अँड डीमध्ये डी२० काढून ३डी६ टाकले तर चालेल?

चालेल, पण गेम वेगळा होतो. १५ लागत असेल तर डी२० वर ३० टक्के, ३डी६ वर ९. ८ लागत असेल तर ६५ चे ८४. म्हणजे चिलखतवाला शत्रू जवळजवळ अभेद्य आणि किरकोळ शत्रू भुसकट. क्रिट (नॅचरल २० ला बसणारा जबर वार) तर नाहीसाच होतो, वीस रोलला एकदा यायचा तो १८ वर ठेवला तर दोनशे सोळाला एकदा, आणि रोग म्हणजे चोर कॅरेक्टरचा प्लेअर रुसून बसतो. +१ तलवारीला अचानक भयंकर भाव येतो. करायचंच असेल तर क्रिट १६ पासून धरा (साधारण ४.६ टक्के, म्हणजे जुन्याच्या जवळ) आणि शत्रूंचा एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) दोनेक पॉइंट खाली आणा.

सुरुवात कशाने करू? खास फासे नाहीत.

घरात लुडो असेल तर दोन डी६ निघतील, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्यावर अपोकॅलिप्स वर्ल्डच्या घराण्यातला कुठलाही गेम चालतो. तीन-चार असतील तर ब्लेड्स किंवा गर्प्स. सात फाशांचा पॉलिहेड्रल सेट ऑनलाइन सहज मिळतो, पण पाच जणांत एकच सेट असेल तर तो हातोहात फिरण्यात वेळ जातो, किमान डी२० तरी दोन घ्या. मित्र पुण्यात, एक बंगलोरला, एक न्यू जर्सीत असा ग्रुप असेल तर रोल२० सारख्या साइटवर फासे फुकट आहेत, मग पूल अठराचा असो की तीसाचा, मोजायचं काम कॉम्प्युटरचं. अशा ग्रुपसाठी शॅडोरन एकदम व्यवहार्य होतं, जे प्रत्यक्ष टेबलावर मी कुणाला सुचवणार नाही.